उसातल्या घरात राहायला जाताय? आधी घड्याळ बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली नोकरी सोडून तुम्ही दोघं जुन्नर तालुक्यातल्या सासरच्या मळ्यात कायमचं राहायला निघालात. मुलगी चार वर्षांची, सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. घराला तिन्ही बाजूंनी ऊस. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं बिबट्यानं उचललं आणि तेव्हापासून माहेरचे म्हणतायत, वेड लागलंय का तुम्हाला. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: जावं की नाही, मोठं कुत्रं पाळावं का, आणि पिंजरा लावून हा बिबट्या एकदाचा नेता येईल का.

मी वनखात्यात वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षं याच पट्ट्यात गेली आणि आता माझं घरही उसाच्या कडेलाच आहे. नातवंडं सुट्टीला येतात ती याच अंगणात खेळतात. त्यामुळे पुस्तकातलं सांगत नाही. जा, असंच सांगेन. फक्त सामानाचा टेम्पो भरण्याआधी दोन कामं उरकून घ्या: संडास घराला लागून करा आणि ओट्याला जाळी मारा. का, ते पुढे येईलच.

आधी 'हा बिबट्या' हे डोक्यातून काढा. तो एक नसतो. जुन्नरच्या उत्तरेला, डोंगरापलीकडे अकोले तालुका आहे. तिथल्या शेतमळ्यांत वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजदाद केली होती. २०१३ साली ती छापून आली. शंभर चौरस किलोमीटरला सरासरी जवळजवळ पाच मोठे बिबटे, आणि तेवढेच तरस. जंगलात नव्हे, दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात अशा ऊस-मक्याच्या रानात. म्हणजे लोक 'बिबट्या आला' म्हणतात तेव्हा तो आलेला नसतो. तो तिथलाच असतो, त्या दिवशी दिसला एवढंच. तुमचे सासरेबुवा असल्याच रानात चाळीस वर्षं हिंडले असतील आणि त्यांनी पाहिला त्याच्या दहापट वेळा त्यानं त्यांना पाहिलं असेल.

हे झालं कसं, तर पाण्यानं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे फिरले, जिथं बाजरी आणि हुलगा व्हायचा तिथं ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो. आत दुपारीसुद्धा गारवा, माणूस शिरत नाही, चारीला म्हणजे छोट्या कालव्याला पाणी, आणि दोन फर्लांगावर वस्ती, म्हणजे कुत्री, शेळ्या, डुकरं. मादीला याहून बरी जागा कुठली? तिथंच वितात, तिथंच बछडी वाढतात. त्या बछड्यांना जंगल म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. अकोल्यातच विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं, तेव्हा त्यातला ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, तुमच्या कुत्र्याच्या प्रश्नाला तो लागणार आहे.

पिंजऱ्याचं आता. गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची, आणि पिंजरा लागला की चार दिवस सगळ्यांना झोप लागते. मीही किती पिंजरे ओढलेत त्याची गणती नाही. २००१ च्या फेब्रुवारीपासून २००३ पर्यंत या भागात बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायचा मोठा सपाटा चालला होता. त्या गाड्यांवर मी असायचो. लोक नारळ फोडायचे, आम्हालाही वाटायचं पुण्याचं काम करतोय. पुढे त्याच काळाचा अभ्यास झाला, तर माणसांवरचे हल्ले सव्वातीनशे टक्क्यांनी वाढलेले आढळले आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालेलं. कारण समजायला अवघड नाही. कुठली वस्ती कधी झोपते, कुठलं कुत्रं बांधलेलं असतं, कुठल्या वाटेनं माणसाशी गाठ टाळता येते, हे जनावराला आपल्या मुलखात पाठ असतं. त्याला उचलून परक्या रानात टाकलं की ते बिथरतं. इकडे त्याची मोकळी झालेली जागा धरायला दुसरा येतो, बऱ्याचदा तरणाबांड, ज्याला तुमची वस्ती नवी असते.

आणि सोडलेला तिथंच राहील याचीही खात्री नाही. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक थोराड नर काढून, गळ्यात माग काढायचा पट्टा घालून माळशेज घाटात सोडला होता. अभ्यासकांनी त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. तो जवळजवळ सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत गेला. वाटेत रेल्वे, हायवे, कारखाने, सगळं पार केलं, आणि एकाही माणसाच्या अंगाला हात लावला नाही. २०११ मध्ये मेला तो गाडीखाली येऊन.

म्हणून शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं एवढ्यासाठी पिंजरा मागू नका. माणसावर हल्ला झाला तर गोष्ट वेगळी. तिथं तो विशिष्ट प्राणी पकडावाच लागतो, आणि जिवाला धोका ठरला तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या हुकमानं मारताही येतो. कायद्यात तशी तरतूद आहे. पण उगाच एक जाणता, शहाणा बिबट्या हलवून अनोळखी पोरगा शेजारी आणून ठेवण्यात तुमचा तोटाच आहे.

आता खरा मुद्दा. मी घाबरू नका म्हणणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. दोन पोरं आणि एक म्हातारी बाई. त्यानंतर तिथल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतावर जाताना सगळ्यांनी फोटोत पाहिल्या. धनगर आपल्या कुत्र्याला घालतात तसले पट्टे. तो पट्टा बघून शहरात कुणी हसलं असेल, मला हसू आलं नाही. पण त्या तिघांची वयं परत वाचा. तुमच्या घरातही तीच दोन वयं आहेत, म्हणून एवढं लांबण लावतोय.

बिबट्या माणसाला माणूस म्हणून ओळखतो ते उंचीवरून आणि उभं राहण्यावरून. दोन पायांवर सरळ उभं असलेलं काहीतरी त्याला नको असतं. त्याच्या नजरेची रेघ अडीच-तीन फुटांवर असते. त्या रेघेत आलेला बसका आकार, हलणारा, पाठमोरा, अंधूक उजेडात, म्हणजे त्याच्या लेखी कुत्रं, शेळी किंवा वासरू. खुरपायला बसलेली बाई, उघड्यावर बसलेला माणूस, गवताचा भारा बांधायला वाकलेली म्हातारी, ओट्यावर भांडी घासणारी पोर. पंचनाम्याला मी जिथं जिथं गेलो तिथं बहुतेक वेळा हेच होतं: बसलेलं किंवा वाकलेलं माणूस, नाहीतर लहान मूल, आणि वेळ दिवेलागणीची किंवा उजाडण्याआधीची.

माझीच गोष्ट सांगतो. मोटारसायकल बंद पडली म्हणून एका रात्री कालव्याच्या भरावावरून पायी येत होतो. टिपूर चांदणं होतं, म्हणून बॅटरी हातात असून पेटवली नव्हती. पायाला चिखल लागलेला, कालव्याच्या पायरीवर वाकून पाय धुवायला लागलो. मागं एक खडा घरंगळला. फक्त एक. मान वळवली तर पंधरा फुटांवर तो पोट जमिनीला टेकवून बसलेला, कान मागं, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. मी उभा राहिलो. बाकी काही केलं नाही, करायचं सुचलंही नाही. आणि समोर त्याचा सगळा आवेशच उतरला. कान वर आले, अंग सैल पडलं, क्षणभर तो चुकल्यासारखा बघत राहिला आणि शेजारच्या उसात शिरला. पाचटावरून गेला तरी आवाज नाही. मी ओरडलो ते त्यानंतर. गावोगाव सभा घेऊन 'अंधारात खाली बसू नका' म्हणून सांगणारा माणूस मी.

म्हणजे तुम्हाला बिबट्या सांभाळायचा नाहीये. घरातल्या माणसांनी कुठल्या वेळी कुठं, कसं असायचं तेवढं सांभाळायचंय. दिवेलागण ते रात्री नऊ, आणि पहाटे चार ते चांगलं उजाडेपर्यंत. या दोन वेळा घड्याळात पक्क्या करा. मुलगी संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरात, अंगणात नाही, ओट्यावरही नाही, जाळीच्या आत. पाहुणे आलेत, लाईट गेलीय, गावात लग्न आहे, असल्या दिवशी तर जास्तच. कारण नियम मोडतो तो अशाच दिवशी. मोठी माणसं बोलत बसतात आणि पोर चपला शोधायला कोपऱ्यावर जातं. वाटेनं चालताना पोर मागं नको, मोठ्यांच्या मधोमध हवं, हात धरलेलं.

संडास घराला लागूनच करा असं वर म्हटलं ते यासाठी. जुन्या मळ्यांतून तो अंगणाच्या टोकाला असतो, वास नको म्हणून. आता फरशी-फ्लश आला, वासाचा प्रश्न उरला नाही, पण जागा तीच राहिली. पहाटे पाचला सासूबाई तांब्या घेऊन उसाच्या कडेनं चाळीस पावलं जाणार असतील, तर त्या चाळीस पावलांवर जेवढा धोका आहे तेवढा तुमच्या बाकी सगळ्या दिवसात मिळून नाही. न्हाणीघर आणि भांडी घासायची जागाही आत घ्या.

घराला तिन्ही बाजूंनी ऊस आहे म्हणता, तर पुढच्या लागणीला घराकडच्या दहा-पंधरा सऱ्या मोडा. तिथं कांदा करा, भुईमूग करा, मेथी-कोथिंबीर करा, काहीही गुडघ्याखालचं. उसाची भिंत दारापर्यंत आली की बिबट्याला आडोसा तुमच्या उंबऱ्यापर्यंत मिळतो. मधे वीस-पंचवीस पावलांची मोकळी पट्टी असली की ती ओलांडताना त्याला उघड्यावर यावं लागतं, आणि ते त्याला अजिबात आवडत नाही. यजमान कुरकुरतील, तेवढाच ऊस कमी म्हणून. कुरकुरू द्या. अंगणात एक दिवा रात्रभर हवा, तोही असा लावा की उजेड उसाकडे पडेल; आपल्याच डोळ्यांवर पडणारा दिवा आपल्यालाच आंधळं करतो. लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे एखादा सौर दिवा जोडीला.

कुत्र्याचं. ३९ टक्के आठवतंय ना? तुम्हाला वाटतं मोठं कुत्रं राखण करेल. बिबट्याच्या हिशेबात ते साखळीला बांधलेलं ताट आहे. जर्मन शेफर्ड असो की गावठी, बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. आणि बिबट्याला एकदा कळलं की या ओट्यावर रात्री कुत्रं असतं, की तो त्या ओट्याची फेरी धरतो. त्याच ओट्यावर सकाळी तुमची मुलगी बसणार. कुत्रं पाळायचं तर हौसेनं पाळा, पण रात्री ते घरात किंवा वरूनही बंद असलेल्या पिंजऱ्यात. तोच नियम शेळ्यांना. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी मारतात आणि पत्र्याखाली हातभर फट वाऱ्यासाठी सोडतात. राजुरीकडच्या एका गोठ्यात सात शेळ्या गेल्या होत्या. मालक शपथेवर सांगत होता की दार बंद होतं. दार बंदच होतं. फटीच्या लाकडाला सात फुटांवर पिवळे केस चिकटलेले होते.

शेळी गेलीच तर मेलेलं जनावर हलवू नका, पुरू नका, तसंच ठेवून लगेच वनखात्याला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. भरपाई मिळते ही गोष्ट लोकांना माहीत असते. फक्त रागाच्या भरात आधी जनावर फेकतात आणि मग फोन करतात.

आणि हो, पोल्ट्री. तुमच्या शिवारात कुणाची असेल तर मेलेल्या कोंबड्या कुठं जातात ते एकदा बघून या. बहुतेक ठिकाणी ओढ्यात जातात. त्या खायला कुत्री जमतात, कुत्र्यांमागं बिबट्या. पोल्ट्रीवाला म्हणतो बिबट्या फार झालेत. त्याला खड्डा घेऊन चुना टाकून पुरायला सांगा, भांडण न करता. तुम्ही नव्या सूनबाई, तुमचं ऐकेलही.

तुमच्या यजमानांचं वेगळं. तीन फेजची लाईट अनेक ठिकाणी आठवडा दिवसा, आठवडा रात्री अशी येते. रात्रपाळीच्या आठवड्यात बारा वाजता दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला जावं लागतं. या एका कारणानं या भागातला शेतकरी रात्री उसात असतो, नाहीतर हौस कुणाला आहे? जमलं तर ठिबक करा, ऑटो स्टार्टर बसवा, सौर पंपाची योजना मिळते का बघा. नाहीच जमलं तर दोघांनी जायचं, मोबाईलवर गाणं चालू ठेवायचं, भजन लावा नाहीतर लावणी, आवाज मोठा पाहिजे. काठीला घुंगरू बांधतात तेही बरं. तुम्ही येताय हे त्याला लांबून कळू द्या, तो आपणहून बाजूला होतो. दारं मोडायला वाकावं लागतं, तेव्हा दुसऱ्यानं उभं राहून बॅटरी फिरवत राहायची. आणि मानेभोवती जाड मफलर, उपरणं, काहीतरी. धरतो तो तिथंच.

समोर आलाच तर? पळायचं नाही, पळणाऱ्याच्या मागं लागणं त्याच्या रक्तात आहे. बसायचं नाही, दगड उचलायलाही वाकायचं नाही. हात वर करून, ओरडत, तोंड त्याच्याकडे ठेवून मागं सरकायचं, आणि त्याला निघायला वाट मोकळी ठेवायची. पोर सोबत असेल तर ते पटकन वर घ्यायचं, नजर त्याच्यावरून न काढता. अंगावर आलाच तर मिळेल त्यानं मारायचं, तोंडावर, नाकावर. विळ्यानं, घमेल्यानं झुंज देऊन सुटलेल्या बाया याच तालुक्यात आहेत. जखम कितीही लहान असू दे, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यायची. ओरखडा आहे म्हणून हळद भरून बसू नका.

ऊसतोड चालू होईल तेव्हा तुमच्याच रानात बछडी सापडायची शक्यता धरून चला. कोयता थांबवायचा, हात लावायचा नाही, सेल्फी नाही, मांडीवर घेणं नाही, दूध पाजणं नाही. वनखात्याला फोन. ती माणसं येऊन बछडी तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी कॅरेटमध्ये ठेवतात. आपलं टोमॅटोचं कॅरेट हो, नारायणगावच्या बाजारातलं. वर हलकं झाकण, बाजूला कॅमेरा, आणि सगळी माणसं लांब. मी असं कितीदा तरी बसलोय. आई अंधार पडल्यावर येते, कॅरेटभोवती दोन फेऱ्या घालते, पंजानं ते आडवं करते, एकेकाला मानेला धरून घेऊन जाते. कधी पहिल्या रात्री येत नाही, दुसऱ्या रात्री येते. पिलं घेऊन माणसं गावात पळाली की हीच मादी चवताळून वस्तीभोवती फिरते, आणि मग लोक म्हणतात नरभक्षक झाली.

ऊस तुटला की तिचं घर मोडलं. मग आठ-दहा दिवस ती दिसते, जास्त दिसते. तेवढे दिवस घड्याळ अर्ध्या तासानं आणखी अलीकडे ओढा. तोडणीची टोळी येईल, बीडकडची, नगरकडची, त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उसाच्या फडाला चिकटून पडतात. कुडाच्या दाराला कडी नसते, पोरं उघड्यावर झोपलेली, चूल बाहेर, संडास नाहीच. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उघडी असतात ती ही माणसं, आणि सभेला त्यांना कुणी बोलवत नाही. तुमच्या रानात टोळी उतरली तर कोप्या तुमच्या अंगणाजवळच्या मोकळ्या जागेत टाकायला सांगा, एक बल्ब ओढून द्या, आणि रात्री संडास वापरू द्या. मुकादम नको म्हणाला तरी.

कुंपणाचा विषय कुणीतरी काढेलच. सौर झटका मशीन घ्या हवं तर, त्यानं जीव जात नाही. पण डीपीवरून सरळ तार ओढून कुंपणात करंट सोडायचा सल्ला देणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. गुन्हा तर आहेच, पण त्या तारेला बिबट्याआधी माणूस चिकटतो, बऱ्याचदा घरचाच. आणि उघडी विहीर असेल तर कठडा बांधा. रात्री कुत्र्यामागं धावताना बिबटे पडतात, मग बाज सोडून, पिंजरा सोडून तो काढेपर्यंत हजार माणसं काठावर. एकदा तो वर आला तेव्हा पिंजऱ्याऐवजी गर्दीत घुसला होता. त्या दिवशी जखमी झाले ते सगळे बघे होते.

एवढं सगळं बिबट्याचं झालं, आता जे तुम्ही विचारलंच नाहीत ते. ताई, तुमच्या मुलीला बिबट्यापेक्षा मण्यारीची भीती जास्त धरा. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाखांच्या आसपास माणसं सर्पदंशानं गेली असा अंदाज २०२० साली छापून आलाय. वर्षाला अठ्ठावन्न हजार. बिबट्या पेपरात येतो, मण्यार येत नाही. ती रात्री घरात येते, उंदरा-पालीमागं, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. चावलेलं कळतसुद्धा नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोर म्हणतं पोटात दुखतंय, घसा दुखतोय, पापण्या जड होतात. लोक ॲसिडिटीची गोळी देतात. त्यात दोन तास जातात.

म्हणून खाटेवर झोपायचं आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची. नुसती टांगलेली नव्हे, खोचलेली. पुण्याहून दुसरं काही आणलं नाही तरी चालेल, ती आणा. रात्री खाली पाय ठेवण्याआधी बॅटरी. सरपण, पाचट, विटांचा ढीग भिंतीला टेकवून नको. रानात घोणस असते, मातीच्या रंगाची, कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. तिच्यासाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट. चावलं तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, मंदिरात नेऊन झोपवायचं नाही. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन, किंवा मिळेल त्या गाडीनं जिथं प्रतिसर्पविष आहे तिथं. त्यासाठी आधीच, आजच, तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारून या: इंजेक्शन ठेवता का, रात्री डॉक्टर असतात का. माझ्या एका पुतण्याला एका ठिकाणी इंजेक्शन नाही म्हणून दुसरीकडे न्यावं लागलं होतं. वाचला, पण ती पाऊण तासाची गाडी मी विसरलेलो नाही. नारायणगावला सर्पदंशावर आयुष्य घालवलेले डॉ. सदानंद राऊत आहेत, हे या तालुक्याचं नशीब. दुसऱ्या तालुक्यांना ते नाही.

वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. तिच्यासोबत तुमच्या भागाच्या, म्हणजे बीटच्या, वनरक्षकाचा नंबर घ्या, गेल्या गेल्या ओळख करून घ्या. संकटात ओळख नसलेल्या माणसाला पत्ता सांगता सांगता वेळ जातो, 'तिसऱ्या चारीच्या पुढे डावीकडं' हे फोनवर कुणाला कळत नाही.

माहेरच्यांना काय सांगायचं, तेही सांगतो. त्यांना पुण्यात चार वर्षांच्या पोरीला रस्ता ओलांडून शाळेत कसं नेता ते विचारा. ट्रक बंद करा असं कुणी म्हणत नाही, हात धरतात. आमच्याकडे पश्चिमेच्या डोंगरातले महादेव कोळी वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात, शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या दगडापुढं खिरीचा नैवेद्य ठेवतात. पण गुरं राखायला जाताना त्यांचं पोर कधी मागं चालताना मी पाहिलं नाही. नैवेद्यही ठेवतात आणि पोरही मधे घेतात.

आता सासूबाई. तुम्ही लिहिलंय की त्या पहाटे साडेचारला उठून ओट्याच्या पायरीवर बसून मिश्री लावतात, तासभर, आणि कुणाचं ऐकत नाहीत. ऐकणार नाहीतच. चाळीस वर्षांची सवय आणि दिवसातला तेवढा एकच वेळ त्यांचा स्वतःचा. तो मोडायला जाऊ नका, घरात भांडण होईल आणि त्या दुसऱ्या दिवशी तरीही तिथंच बसतील. जाळी मारताना सुताराला सांगा, पायरी जाळीच्या आत घे. वरची बाजूही बंद. आत एक दिवा, पाठ भिंतीला लागेल असा लाकडी पाट, आणि थुंकायला जाळीखालून बाहेर जाणारी छोटी मोरी. मोरीला गज बसवा, सापाला बारीक जाळी. माझ्या आईला मी असंच करून दिलं होतं. पहिले चार दिवस म्हणाली, कोंबडीसारखं कोंडलंस मला. पाचव्या दिवशी शेजारणीला बोलावून शेजारी बसवून घेतली.